दोन्ही हात वर

भाऊंना जादू आवडत नाही. म्हणूनच मूर्तिजापुरात आलेला जादूचा एकही खेळ त्यांनी आजवर सोडलेला नाही.

ज्यांना जादू आवडते ती माणसं एकदा जातात, तोंड उघडं टाकून बसतात, घरी येऊन दोन दिवस नातवाच्या कानातून रुपया काढायचा प्रयत्न करतात आणि मग विसरून जातात. भाऊ तसे जात नाहीत. भाऊ पकडायला जातात. सारी नोकरी त्यांनी एस.टी.त वाहक म्हणून काढली. कारंजा, दर्यापूर, अकोला, अमरावती या रस्त्यांवर खिडकीकडे तोंड करून झोपेचं सोंग घेतलेला विनातिकीट माणूस ते नुसत्या मानेच्या कलावरून ओळखत. नोकरी संपली, पण नजर काही निवृत्त व्हायला तयार नाही. "कुठी ना कुठी काही तरी हाय," हा भाऊंचा सिद्धान्त आहे आणि तो ते भाजीच्या वजनापासून अमेरिकेच्या निवडणुकीपर्यंत सगळीकडे लावतात. जादूगाराजवळ मात्र त्यांची पंचाईत होते. कारण काही तरी आहे, हे जादूगार स्वतःच सांगतो. जो आधीच कबूल झाला, त्याला पकडायचं कसं?

तसे भाऊ एकट्या मूर्तिजापूरचे नाहीत. ते गावोगाव असतात. कुठे त्यांचं कृषी केंद्र असतं, कुठे ते गणित शिकवतात, कुठे पतसंस्थेचे माजी अध्यक्ष असतात. ओळखायची खूण एकच. पडदा वर गेला की त्यांचे दोन्ही हात वर जातात. उजव्या हातात मोबाईल असतो, तो शूटिंगसाठी. डावा रिकामा असतो, तो जादूगाराने आपल्यालाच स्टेजवर बोलवावं म्हणून. टाळ्या वाजवायला हात उरत नाही, पण भाऊंच्या धोरणात टाळ्या बसतही नाहीत.

गावात जादूगार आल्याची बातमी आधी ऑटोरिक्षावरचा भोंगा देतो. मग भिंतींवर पोस्टर येतात. जादूगाराच्या नावात 'सम्राट' असतोच. डोक्यावर मोराचं पीस लावलेला फेटा आणि छातीवर इतकी पदकं, की एवढी लढाई कुठे झाली असा प्रश्न पडावा. मंगल कार्यालय लग्नाच्या तिथी नसतील असं पाहून घेतलेलं असतं. आणि खेळाच्या आदल्या दिवशी जाहिरातीचा ठरलेला प्रकार होतो. डोळे बांधून भर बाजारातून मोटारसायकल.

मागच्या वेळी हा प्रकार झाला तेव्हा जादूगाराने गर्दीला विचारलं, "कोई एक ईमानदार आदमी आगे आए!" चार जण एकमेकांकडे पाहू लागले. तोवर भाऊ पोचलेलेच होते. जादूगाराच्या डोळ्यांवर कणकेचे गोळे भाऊंनी स्वतःच्या हातांनी थापले, वर कापूस ठेवला, काळं फडकं करकचून बांधलं आणि मग फडक्यासमोर बोटं नाचवून विचारलं, "किती हायेत?" जादूगार म्हणाला, "पाच." भाऊंनी तीन दाखवली होती. भाऊ खूश झाले. या माणसाला दिसत नाही, याची त्यांची खात्री पटली. जादूगाराला तेवढंच हवं होतं.

मोटारसायकल स्टेशनकडून बाजाराकडे निघाली. मागे भाऊ आपल्या स्कूटरवर. एक हात हँडलवर, दुसऱ्यात मोबाईल. डोळे बांधलेल्या माणसाने बसलेली गाय चुकवली, केळीवाला चुकवला, मध्येच आडवं आलेलं शाळकरी पोट्टं चुकवलं. डोळे उघडे असलेले भाऊ कांद्याच्या गाड्यात गेले. व्हिडिओ आजही त्यांच्या मोबाईलमध्ये आहे. त्यात शेवटी आभाळ दिसतं, मग बराच वेळ कांदे दिसतात आणि कांदेवालीचा आवाज ऐकू येतो, जो इथे छापता येणार नाही.

भाऊंचा निष्कर्ष त्याच संध्याकाळी चहाच्या टपरीवर जाहीर झाला. "कपडा पातळ व्हता."

"पण भाऊ, तुमीच तं बांधला."

"म्हणून तं सांगून रायलो."

प्रत्यक्ष खेळाला भाऊ दुसऱ्या रांगेत कडेची खुर्ची घेतात. कडेची अशासाठी, की स्टेजच्या पायऱ्या जवळ पडतात. शेजारी वहिनी असतात. वहिनींना जादू मनापासून आवडते, पण तसं त्या घरी बोलून दाखवत नाहीत.

सुरुवातीलाच सूचना होते, की कृपया व्हिडिओ शूटिंग करू नये. हे ऐकलं की सभागृहातले ज्यांनी मोबाईल काढले नव्हते तेही काढतात. स्वयंसेवकाने येऊन हटकलं, तर भाऊंचं उत्तर तयार असतं. "म्या तिकीट काढलं नं? मंग काहून काढू नये?" तिकीट काढलेल्या माणसाला सगळे हक्क असतात, ही त्यांची श्रद्धा खात्यात असतानाची आहे.

जादूगाराच्या भीतीला कारण आहे. त्याच्या धंद्यातला पहिला नियम असा, की एक खेळ त्याच लोकांपुढे लागोपाठ दोनदा करायचा नाही. पहिल्या वेळी प्रेक्षकाची नजर तो नेईल तिकडे जाते. दुसऱ्या वेळी ती आपल्या मनाने फिरायला लागते. मोबाईलने ही दुसरी वेळ प्रत्येकाच्या खिशात आणून ठेवली. मागे घ्या, थांबवा, बोटांनी मोठं करा. ज्याने खेळ उभा करायला वर्षं घालवली, त्याचा कप्पा, त्याचा आरसा, त्याचा दोरा कोणीतरी उशीवर डोकं ठेवून शोधणार. एखाद्या कलावंताने घाबरावं अशीच ही गोष्ट आहे.

फक्त भाऊंच्या मोबाईलला घाबरायचं कारण नाही. त्यांनी काढलेल्या शूटिंगमध्ये मंगल कार्यालयाचा पंखा सापडतो. पुढच्या माणसाचा कान सापडतो. भाऊंचा अंगठा तर आहेच, तो जवळजवळ नायक आहे. "अजी, बसा नं खाली, मांगच्यायले दिसत नाई," हा वहिनींचा आवाज दर पाच मिनिटांनी येतो. सापडत नाही तो नेमका क्षण. जादूगाराने डाव्या हाताने रुमाल हवेत उडवला, की भाऊंचा मोबाईल रुमालामागे वर जातो आणि उजवा हात आपलं काम निवांत करून घेतो. कॅमेऱ्याने कुठे पाहायचं ते भाऊ ठरवतात आणि भाऊंनी कुठे पाहायचं ते जादूगार ठरवतो. मध्ये यंत्र आलं म्हणून मालक बदलत नाही.

कॅमेरा सत्य पकडतो, या समजुतीला तसं मोठं खानदान आहे. 8 ऑगस्ट 1890 रोजी 'शिकागो ट्रिब्यून' या अमेरिकन दैनिकाने भारतातल्या दोराच्या जादूची हकिकत छापली. फकिराने दोर वर फेकला, तो ताठ उभा राहिला, पोरगा त्यावर चढून दिसेनासा झाला. पाहणारे दोघे अमेरिकन. एकाने चित्र काढलं, दुसऱ्याने कोडॅकने फोटो घेतले. फोटो धुतले तेव्हा त्यात ना दोर, ना पोरगा, नुसता बसलेला फकीर. म्हणजे फकिराने साऱ्या जमावालाच भूल घातली होती, पण कॅमेरा काही भुलला नाही! जगभर ही गोष्ट गेली. चारेक महिन्यांनी पेपरानेच कबुली दिली, की सगळं रचलेलं होतं. ना असे प्रवासी होते, ना असे फोटो. कबुली कोणी वाचली नाही. दोराची जादू मात्र तेव्हापासून भारताच्या नावावर लागली, ती अजून उतरलेली नाही. भाऊंच्या मोबाईलमध्येही दोर येत नाही आणि पोरगाही येत नाही. एवढंच, की भाऊ खरोखर तिथे हजर असतात.

कॅमेऱ्याला कामाला कसं लावायचं, ते आपल्याकडच्या माणसाने साहेबाच्या देशात दाखवलं. 9 एप्रिल 1956 रोजी पी. सी. सरकार यांनी बीबीसीच्या 'पॅनोरमा' कार्यक्रमात मुलीला करवतीने कापायचा खेळ केला. कार्यक्रम थेट चाललेला. मुलगी कापून झाली, सरकार तिला उठवायला लागले, ती काही उठेना. तेवढ्यात निवेदक रिचर्ड डिंबलबी पुढे आले आणि कार्यक्रम संपल्याचं सांगून मोकळे झाले. वेळ संपली होती. घराघरातल्या लोकांनी फोन करकरून बीबीसीची लाईन जाम केली. मुलगी मेली काय? दुसऱ्या दिवशी बातम्या, आणि लंडनमधल्या सरकारांच्या प्रयोगांना तुडुंब गर्दी. कॅमेरा बंद कधी पडणार हे ज्याला कळलं, त्याला कॅमेऱ्याचं भय राहत नाही. भाऊंच्या मोबाईलची बॅटरी दर खेळाला करवत बाहेर निघाली की संपते. त्यात सरकारांची हुशारी नसते, फक्त भाऊंनी दुपारभर पाहिलेले व्हिडिओ असतात.

आता दुसऱ्या हाताकडे येऊ. प्रेक्षकांतून कोणाला तरी वर बोलवायचं, हा रिवाज जादूइतकाच जुना. आठवडी बाजारातला मदारी पाहिलेली पिढी अजून आहे. तो फडक्याखाली झोपलेल्या जमुऱ्याला सवाल टाकायचा, जमुरा जवाब द्यायचा आणि मध्येच एखाद्या शेतकऱ्याच्या टोपीतून अंडं निघायचं. तो शेतकरी आठवडाभर गावात ते अंडं सांगत फिरे. पुण्याच्या जादूगार रघुवीरांनी तर हे रस्त्यावरचं शिक्षण घेऊनच पुढे देशोदेशीची थिएटरं गाजवली. ते 1984 मध्ये गेले. मुलगा विजय आणि नातू जितेंद्र यांनी घराण्याची करवत खाली ठेवली नाही. "म्या रघुवीरले पायलं," हे वाक्य महाराष्ट्रात ज्या वयाच्या प्रत्येक माणसाजवळ असतं, त्या वयात भाऊ आता पोचले आहेत. रघुवीरांनी आपल्याला स्टेजवर बोलावलं नाही, हे मात्र ते सांगत नाहीत.

दोर धरायला किंवा गाठ मारायला कोण हवं, असं विचारलं की भाऊंचा विजय असतो. गाठ हा वऱ्हाडातल्या माणसाचा मानबिंदू आहे. बैल बांधलेल्या माणसाने गाठीला नाही म्हणू नये. भाऊंनी मदतनीस मुलीचे हात मागे बांधले, पुन्हा बांधले, टोक ओढून पाहिलं आणि मोबाईलकडे वळून म्हणाले, "हे माह्या बापानं शिकोवली. बैल सोडोवू शकत नाई." पडदा खाली आला, वर गेला. मुलगी मोकळी आणि तिच्या अंगात भाऊंचंच जाकीट. सभागृह कोसळलं. भाऊंनी शांतपणे दोर तपासला. "प्लास्टिकचा हाय. अंबाडीचा दोर पायजे व्हता, मंग पायलं असतं."

लंडनमध्ये 1921 च्या जानेवारीत पी. टी. सेल्बिट या जादूगाराने बाईला कापायचा खेळ पहिल्यांदा जाहीर केला, तेव्हा त्यानेही प्रेक्षकांतून माणसं वर घेतली होती. पेटीतल्या बाईच्या हातापायांना बांधलेल्या दोऱ्यांची टोकं त्यांच्या हाती दिली, म्हणजे ती हलली तर यांना कळावं. त्यांना काही कळलं नाही. मात्र ते हातात दोर धरून होते, म्हणून खालच्या सगळ्या लोकांना खात्री पटली, की ती हललेली नाही. या मंडळींचं धंद्यातलं मोल इतकं, की स्टेजवरच्या सामानात त्यांना धरायला हवं. करवत, पेटी, पडदा आणि भाऊ.

पत्त्याच्या खेळात मात्र भाऊंनी एकदा खरोखर जादूगाराला हरवलं. बावन्न पानांतून कोणतं पान हे सांगणाऱ्या जादूगाराला जगात एकच माणूस हरवू शकतो, तो म्हणजे घेतलेला पत्ता विसरणारा. भाऊंनी पत्ता घेतला, सभागृहाला दाखवला, मोबाईलला दाखवला, गड्डीत परत ठेवला. मग जादूगाराने बंद पाकीट हातात धरून विचारलं, "बताइए भाई साब, कौन सा पत्ता था?"

"थांबा, पायतो," म्हणून भाऊंनी मोबाईल उघडला. कॅमेरा सेल्फीवर राहिला होता. व्हिडिओत भाऊ होते, छान आले होते. पत्त्याची पाठ दिसत होती.

"बदाम की रानी?" जादूगाराने धीर देत विचारलं. पाकिटात वेगळंच होतं, पण त्यालाही काहीतरी बोलणं भाग होतं.

"असंल. बादशा बी असंल."

सभागृहात हसू फुटायला लागलं. जादूगाराच्या कपाळावर जो घाम आला, तो खेळाचा भाग नव्हता. तेवढ्यात दुसऱ्या रांगेतून वहिनींचा आवाज आला, "इस्पिकची सत्ती व्हती जी." पाकिटातून इस्पिकची सत्ती निघाली. त्या रात्री सगळ्यात मोठी टाळी वहिनींना मिळाली. घरी जाताना त्यांच्याशी कोणी बोललं नाही.

स्टेजवर असं वारंवार जाण्याबद्दल कोणी टोकलं, की भाऊ थेट गाडगेबाबांचं नाव घेतात. या मातीत ते चालूनही जातं. बाबांचं लहानपण मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला मामाच्या घरी गेलं. पूर्णाकाठी ऋणमोचनला पौषात यात्रा भरते, तिथे त्यांनी घाट बांधवला. त्यांचं कीर्तन म्हणजे समोरच्यांशी भांडणच असे. ते विचारायचे, लोकांनी उत्तर द्यायचं, त्या उत्तरातूनच पुढचा प्रश्न. "बाबा बी लोकायले बोलाले लावत व्हते नं? मंग म्या बोललो तं काय झालं?" असा भाऊंचा युक्तिवाद. मुद्दा बिनतोड आहे. फक्त बाबांच्या प्रश्नाने माणूस स्वतःच्या घराकडे, कर्जाकडे, बाटलीकडे पाहायला लागायचा. जादूगार प्रश्न विचारतो तेव्हा उत्तर आधीच त्याच्या खिशात असतं, आणि भाऊंना वाटतं ते आपल्या खिशात आहे.

अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांचा कार्यक्रमही गावात होतो. तेही प्रेक्षकांना वर बोलावतात. नारळावर पाणी शिंपडून आग काढतात आणि मग शेंडीतला सोडियमचा तुकडा दाखवतात. पाण्यावर पेटणारा दिवा लावतात आणि आतलं कॅल्शियम कार्बाइड हातावर ठेवतात. या कार्यक्रमाला भाऊ एकदाच गेले. "थे सांगूनच टाकतेत हो. मंग पकडाचं काय?" त्यांची ही तक्रार प्रामाणिक होती. रहस्य कळावं ही भाऊंची इच्छा कधीच नव्हती. आपण ते काढलं असं चार जणांपुढे म्हणता यावं, एवढंच त्यांचं मागणं.

खेळभर मधूनमधून जादूगार एक कळशी पालथी करतो. सगळं पाणी सांडतं. दहा मिनिटांनी तीच कळशी पुन्हा पालथी, पुन्हा पाणी. धंद्यात याला 'वॉटर ऑफ इंडिया' म्हणतात आणि आपल्याकडचा प्रत्येक जादूगार तो करतो. मुंबईत हा किरकोळ खेळ समजला जातो. मूर्तिजापूर खाऱ्या पाण्याच्या खारपाणपट्ट्यात येतं. इथे त्याच्या प्रत्येक फेरीला माणसं पुढे सरकून बसतात. शेवटच्या फेरीला मागून कोणीतरी ओरडतंच, "याले इथीच ठुवून घ्या रे!" भाऊही या एका खेळाला मोबाईल खाली घेतात. पाणी कुठून येतं, हे विचारायची वऱ्हाडात पद्धत नाही.

वस्तू गायब करायच्या खेळाला मात्र इथे फार टाळ्या पडत नाहीत. आम्ही मोठं पाहिलेलं आहे. इंग्रजांच्या काळात किलिक निक्सन कंपनीने उभी केलेली शकुंतला गाडी मूर्तिजापुराहून एकीकडे यवतमाळला, दुसरीकडे अचलपूरला जायची. 1921 साली मँचेस्टरला बनलेलं तिचं वाफेचं इंजिन 1994 पर्यंत धापा टाकत चाललं, मग डिझेल आलं, मग गाडीच बंद झाली. अख्खी गाडी नाहीशी. जादूगार नाहीशी केलेली वस्तू परत आणतो, म्हणून तिकीट लावतो. शकुंतलेच्या खेळाचा तो भाग अजून व्हायचा आहे.

एका खेळानंतर सामान भरणं चाललं होतं. जादूगार फेटा उतरवून टपरीवर आलूबोंडा खात उभा होता. फेट्याविना तो बँकेतला कारकून वाटत होता. मी विचारलं, "तुमच्या खेळात अडथळा आणणारी अशी माणसं गावोगाव भेटत असतील?" तो हसला. "अडथळा कसला, साहेब? असा माणूस भेटला नाही, तर आम्हाला पदरचा बसवावा लागतो. त्याचं भाडं द्या, जेवण द्या, वर लोक लगेच ओळखतात, की हा यांचाच आहे. भाऊंना बघा, कोणी म्हणेल का, की हे आमचे आहेत?" मदाऱ्याला जमुरा पोसावा लागे. याला स्वतःचं तिकीट काढून येणारा जमुरा मिळाला होता.

आणि तरीही याच जमुऱ्याने परवा त्याचा खेळ उघडा पाडला. तो असा.

जादूगाराने प्रेक्षकांतून मोबाईल मागितला. भाऊंच्या आयुष्यातला हा कसोटीचा क्षण. मोबाईल दिला तर शूटिंग बंद. नाही दिला तर दुसरं कोणी स्टेजवर जाणार. भाऊंनी डोळे मिटून मोबाईल दिला आणि त्याच्यामागून स्वतःही गेले.

"साइलेंट किया?"

"हाव."

भाऊंच्या मते मोबाईल पालथा धरला की सायलेंट होतो.

जादूगाराने मोबाईल रुमालात गुंडाळला, टेबलावर ठेवला आणि हातोडा घातला. काच फुटल्याचा आवाज आला. रुमाल उलगडला तर नुसत्या किरचा. अर्ध्या तासाने छताला टांगलेल्या कुलूपबंद पेटीतून मोबाईल निघायचा होता. ती योजना जादूगाराची. भाऊंजवळ अर्ध्या तासाचा दम नव्हता. त्यांनी किरचांकडे पाहिलं, जादूगाराकडे पाहिलं आणि स्टेजवरून दुसऱ्या रांगेला आरोळी दिली, "लाव वं फोन!"

"अजी, त्यायले खेळ तं करू द्या."

"लाव म्हणतो नं!"

वहिनींनी लावला. एक क्षण शांतता. आणि मग स्टेजच्या कोपऱ्यातल्या कबुतरांच्या पिंजऱ्यातून गजानन महाराजांची आरती सुरू झाली.

पुढच्या रांगेतल्या दोन आजीबाईंनी हात जोडले. कबुतरं फडफडली. मदतनीस पिंजऱ्यावर काळं फडकं टाकायला धावला, पण आरती काळ्या फडक्याने थांबत नाही. भाऊ त्याच्या आधी पोचले. "वाजून रायला! जित्ता हाय!" म्हणत त्यांनी पिंजऱ्याचा तळ धरून ओढला, तसा तळाखालचा कप्पा सरकन बाहेर आला. कप्प्यात मोबाईल. सोबत दोन अंगठ्या, एक घड्याळ आणि पुढच्या खेळाचा ससा. जादूगार मोठा कसलेला. त्याने तिथल्या तिथे हात जोडले, "देखिए, महाराज की कृपा!" आणि संगीतवाल्याला खूण केली.

सभागृहातल्या प्रत्येकाने कप्पा पाहिला. पाहिला तो पाहिला, तेवढे सारे मोबाईल चालू होते. मूर्तिजापुरात जादूगाराचं रहस्य कॅमेऱ्यात सापडलं ते त्या एका रात्री, आणि ते ज्या एकाच मोबाईलमध्ये नाही, तो भाऊंचा. ते स्वतः स्क्रीनगार्डला चरा गेला का, हे उजेडाकडे धरून पाहत होते. चरा नव्हता. भाऊंनी जादूगाराचा हात हातात घेतला, जोरात हलवला आणि आयुष्यात पहिल्यांदा जादूगारासाठी टाळी वाजवली. हातोड्याने फुटलेला मोबाईल एक चराही न पडता परत आला होता. याउपर माणसाने आणखी काय करून दाखवावं?

व्हिडिओ रात्रीतूनच गावातल्या सगळ्या ग्रुपवर फिरला. सकाळी स्टेशनाजवळच्या टपरीवर पोट्ट्यांनी भाऊंना घेरलं.

"भाऊ, पायलं काय? पिंजऱ्याखाली कप्पा हाय. तुमीच तं ओढला!"

भाऊंनी चष्मा लावला. व्हिडिओ पाहिला. मागे घेऊन पाहिला, थांबवून पाहिला, बोटांनी मोठा करून पाहिला. पोट्टे श्वास रोखून उभे. इतक्या वर्षांच्या तपश्चर्येचं फळ हातात होतं, तेही स्वतःच्याच हातांनी काढलेलं.

भाऊंनी मोबाईल परत दिला, बशीत चहा ओतला आणि म्हणाले, "एडिट केलेलं हाय."

"अवो भाऊ, एडिट कायले करू? आमी तथीच बसलो व्हतो!"

"तुमी खाली बसले व्हते. म्या स्टेजवर व्हतो. फुटतानी म्या माह्या डोयानं पायला." भाऊंनी चहाचा घोट घेतला. "आजकाल व्हिडिओवर कोणी इस्वास ठेवते काय, राजेहो!"